डावी कमान

९ जानेवारी, मंगळवार

गाडी डावीकडं कलली! आरटीओत कागद नवे कराचे म्हणून दयाराम मेस्त्री सकाळी आला. मागं जाऊन उभाच राह्यला. "दाई, ए बाजू बइठ गे हे." ही बाजू बसली म्हणे.

मले तर हसूच आलं. अँबेसेडर म्हातारी झाली, मीही एकाच गुडघ्यावर चालते. आमी दोघी जावा-जावा! लगेच खुशबूले फोन लावला. ही डायरी नातीनंच दिली ना. चौथी शिकलेल्या आजीले डायरी — पण लिहाले मजा येते. आज वांग्यात मीठ जास्त झालं, तेही लिहून ठेवते.

हे मात्र हसले नाई. काचबिंदूनं ह्यांचे डोळे गेले, आता उजेड-अंधार तेवढा कळते. "डावी?" एवढंच विचारलं. वांगं खारट आहे हेही म्हणाले नाई. जेवलेच नाई.

१० जानेवारी, बुधवार

दयाराम म्हणे, आधी सोपं सोपं पाहू. टायरांत सारखी हवा भरली. डिक्की खाली केली — जॅक, दोन विटा, माही पापडाची चादर! तीन वर्षं शोधून राहिली होती मी. चादर काढली तरी गाडी वाकडीच.

मग अंगणच उतरतं असंन म्हणून समाज भवनासमोरच्या फरशीवर नेली. मी ब्लाउजचा टेप घेऊन मोजलं. चाकाच्या मध्यापासून मडगार्डाच्या काठापर्यंत. उजवी सोळा इंच, डावी चौदा.

"पुन्हा मोज," हे म्हणाले.

चारदा मोजलं. टेप काही दया नाई करत.

१२ जानेवारी, शुक्रवार

लिहू का नको? पण इथं कोण वाचते.

हे रसमड्याच्या एका कारखान्यात ट्रकच्या अन् मोटारींच्या कमानी बनवत — चाकावर गाडीचा भार झेलणारे वाकडे लोखंडी पट्टे. लाल तापलेला पट्टा तेलात बुडवाचा, पुन्हा शेकाचा — पाणी देणं म्हणतात त्याले. ते काम ह्यांचं. तीस वर्षं झाले, एका ट्रकची कमान मोडली. ट्रक उलटला, ड्रायव्हर मारोतराव जागीच गेला. सारे म्हणाले, धोंडबाचं, म्हणजे ह्यांचं, पाणी कच्चं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांना गेटवरूनच वापस पाठवलं.

त्याच घाण्यातली, त्याच दिवशी पाणी दिलेली मोटारीची एक कमान ह्यांनी पैसे भरून आणली. ही गाडी तवाच जुनी घेतली होती. ती कमान डावीकडं लावली, उजवीकडं बाजारातली. "मोडली तर मीच मरीन," म्हणाले. मग त्याच गाडीवर घर चाललं. लग्नं, दवाखाने, दुर्ग स्टेशन. दरसाली गाडीच्या मागं उभं राहून मले दाखवत — पाह्य चंपा, बसली का? नाई ना?

मारोतरावची बायको तुळसाबाई चरोद्याले राहते. पोरगा रेल्वेत लागला. पौर्णिमेले विहारात भेटते मले, खीर वाढते, गुडघ्याचं विचारते. एवढ्या वर्षांत तिनं एकदाच विचारलं, वंदना झाल्यावर. "चंपाबाई, तुमच्या ह्यांची कमान खरंच कच्ची होती का वं?"

मी म्हटलं, नाई वं बाई. कशाच्या भरोशावर म्हटलं? या गाडीच्याच.

१५ जानेवारी, सोमवार

आज संक्रांत. आज गाडीचं नाव नाई काढाचं, असं ठरवलं. दुपारपर्यंत तीनदा काढलं.

१६ जानेवारी, मंगळवार

दयाराम गाडीखाली झोपून पाहून आला. शॉकअप दोन्ही सारखेच गेलेले, म्हणजे त्यांच्यापायी कलली नाई. ह्यांनी विचारलं, पाणी एकसारखं नाई बसलं तर एक कमान मोडते, एक वाकते, हो ना? दयाराम म्हणे, बाबा, तीस वर्षांत कोणतंही लोखंड थकते. हे म्हणाले, "मग उजवी कावून नाई थकली?"

दयाराम पुन्हा गाडीखाली गेला.

एकच आशा राहिली. कमान जिथं टांगली आहे तिथला पत्रा सडला असंन तर! त्याची एक तरकीब आहे म्हणे. दोन्ही कमानी अदलाबदल कराच्या. गाडी डावीकडंच कलली तर बॉडी सडली. उजवीकडं गेली तर कमानच बसली. मी आयुष्यात कधी सडक्या पत्र्यासाठी हात जोडले नव्हते. आज जोडले.

१८ जानेवारी, गुरुवार

कमानी बदलल्या. हे खुर्ची टाकून बसले, हात मांडीवर. गाडी जॅकवरून खाली आली.

मोजाची गरजच नव्हती. उजवीकडं झुकली. तरी मोजलं. डावी सोळा, उजवी चौदा.

"सांग ना," हे म्हणाले.

"डावी चौदा. अजूनही डावीच."

दयारामनं माह्याकडं पाह्यलं अन् पाना पुसत राह्यला. ह्यांनी गाडीकडं हात पुढं केला. मग मागं घेतला.

"म्हणजे बॉडी सडली," म्हणाले, अन् रडले. संध्याकाळी भात दोनदा मागून घेतला. किती दिवसांनी! मी आपली पोळ्या करता करता गाणं म्हणत होती. एवढं खोटं बोलून.

आता गाडी भंगारात जाईन. जाऊ दे. दयाराम काही बोलणार नाई. झालं, संपलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

संपलं कसलं. सकाळीच म्हणाले, "तुळसाबाईले सांगून येऊ. मोजलं तू, आकडे तूच सांग."

मी म्हटलं थंडी आहे. गुडघा दुखते. तिचा पोरगा घरी असंन, बरं दिसत नाई. ऐकतच नाईत. पांढरा सदरा इस्त्री कराले लावला मले. तीस वर्षं चरोद्यात पाय नाई टाकला या माणसानं!

२० जानेवारी, शनिवार

गुडघा आता खरंच दुखून राह्यला. कोणाले सांगू?

२१ जानेवारी, रविवार

तुळसाबाईनं गॅसवर चहा ठेवला अन् समोर येऊन बसली. हे म्हणाले, सांग चंपा. तिच्याकडं पाहून खोटं बोलाले माही जीभ नाई वळली. खरे आकडे सांगितले. कमानच बसली, हेही सांगितलं.

तिनं उठून गॅस बंद केला. मी ह्यांना चला म्हटलं. "तू जा," म्हणाले. मी एकटीच ऑटोनं घरी आली. दिवे लागले, हे अजून घरी आले नाई, तिथंच बसून आहेत. मी निघाली तवा तुळसाबाईनं त्यांना बसा म्हटलं नाई, जा बी म्हटलं नाई.