जाताना साडेतीन तास, येताना दीड

३ मे
लेकीचा, सेलियाचा, लक्झेंबर्गहून फोन. नातीचा बाप्तिस्मा अठरा तारखेला, रविवारी. धर्मपिता मी! व्याही नॉर्बेर्तोला वाटलं होतं मान त्यालाच मिळणार. बस म्हणावं. मेणबत्ती धर्मपित्याने आणायची असते, ती आजच घेतली. पोर्तोहून विमानाची दोन तिकिटं लेकीनेच पाठवलीत. अंतर दीड हजार किलोमीटर. किरकोळ.

५ मे, सकाळी सहा
झोप नाही. तिकीट नीट वाचलं. जाताना अकराला सुटून अडीचला पोचतं, म्हणजे साडेतीन तास. येताना तीनला सुटून साडेचारला पोर्तो. दीड तास! बायको, ओदेत, म्हणते, अरे बाबा, तिकडचं घड्याळ तासभर पुढे असतं, दोन्हीकडून अडीचच तास. असेल. पण सत्तावीस वर्षं ब्रागाची बस चालवली. जाण्यायेण्यात दोन तासांचा फरक पडला असता तर साहेबाने घड्याळाची गोष्ट ऐकून घेतली असती का? विमान वर घिरट्या घालत असणार. उतरायला जागा मिळत नसणार.

मी घाबरत नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

९ मे
नकाशावर पट्टी ठेवून पाहिली. सरळ रेघ समुद्रावरून जाते. हे कुणी बोललं नव्हतं.

ओदेतला म्हटलं, मेणबत्ती विमानात नेऊ देणार नाहीत. तिने लगेच विमानतळावर फोन लावला. नेऊ देतात. नसत्या चौकशा!

१२ मे
ठरलं. ओदेत शनिवारी विमानाने, मी गाडीने. रस्त्याने दोन हजार किलोमीटर, ताशी शंभरने वीस तास. शुक्रवारी पहाटे निघालो की तिचं विमान उतरायच्या आत मीच तिला घ्यायला हजर.

सेलिया म्हणाली, पप्पा, भीती वाटत असेल तर सांगा ना, मी येते न्यायला, शेजारी बसते. कसली भीती! फोन ठेवून दिला. मग अंगणात उगाच फेऱ्या मारल्या.

१६ मे, दुपार
स्पेन. झकास चाललंय. हिशेबात शंभरचा वेग जरा जास्तच धरला होता. रात्रभर चालवून भरून काढीन. पाठ दुखतेय, पण ती सीटमुळे.

१७ मे
फ्रान्समध्ये, बोर्दोच्या अलीकडे, क्लच गेला. गॅरेजवाला म्हणतो, सोमवारी बघू. वर म्हणतो, काका, इथून विमानाने जा की, दोन तासांत पोचाल. गाडी अशी परक्या गावात टाकून कसं जायचं? सेलियाला कळवलं, रस्त्यात गर्दी आहे.

१८ मे, रविवार
ओदेतचा फोन. झाला बाप्तिस्मा. पाद्री बराच थांबला, मग पुढचं बाळ आलं. शेवटी नॉर्बेर्तो उभा राहिला. मी विचारलं, विमानाला किती वेळ लागला? म्हणाली, कुणास ठाऊक, मला झोप लागली होती.

पाणी घातलं तेव्हा रडली का गं, विचारलं. म्हणाली, बाळ नाही रडलं. सेलिया रडली. सारखी चर्चच्या दाराकडे बघत होती.

गॅरेज उद्या नऊला उघडतं.