जुन्या भट्टीमागची कालवं

प्रिय आत्या,

एका गावातली सगळी माणसं, एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या वेळी, एकच खोटं कशी काय बोलतात? गेला आठवडाभर मी या प्रश्नावर विचार करते आहे आणि मला उत्तर येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून मला सगळ्याचीच उत्तरं येत असणार असा आईचा समज आहे (परवा तिने मला मिक्सर का थांबला तेही विचारलं, आणि मी भूगोलात पदवी घेतली आहे असं सांगितल्यावर म्हणाली, "मग कुठे बंद पडलाय ते तरी सांग"). पण हे कोडं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. तुला विचारावं असं का वाटलं ते पुढे येईलच. आधी तुला वाकून नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा. ते आता जिना चढू देतात का? आतोबांनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली का, की अजून ते चष्म्याच्या डबीतच विश्रांती घेतंय? आमच्याकडे सगळे बरे आहेत. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, पण प्रकृती उत्तम.

तर झालं असं. पालिकेत मला तात्पुरतं घेतलं आहे हे तुला माहीत आहे. या वर्षी साहेबांच्या मनात आलं की आपल्या किनाऱ्यावर आणि रानात जे जे मिळतं त्याचा एक खाद्यमेळा भरवावा. खेकडे, कालवं, अळंबी, रानमध, समुद्रातलं शेवाळ, सगळं. बाहेरगावची माणसं येतील, खातील, गावाचं नाव होईल. काम माझ्याकडे आलं. आत्या, मला इतका आनंद झाला की मी त्या रात्री जेवताना सगळ्यांना भाषणच दिलं. मला कायम वाटत आलंय की माणसं जे खातात ते आलं कुठून हे त्यांना माहीत नसतं, आणि जगातले निम्मे घोटाळे त्यातूनच होतात (उरलेले निम्मे कशातून होतात असं आईने विचारलं. त्यावर मी अजून काम करते आहे). म्हणून मी ठरवलं की मेळ्याच्या प्रवेशद्वाराशी आपल्या परिसराचा एक मोठा नकाशा लावायचा, आणि प्रत्येक गाळेवाल्याने आपला माल जिथून येतो तिथे स्वतःच्या हाताने एक रंगीत टाचणी टोचायची. काही लपवाछपवी नाही. खाणाऱ्याने नकाशा बघायचा, मग ताट बघायचं, आणि कृतज्ञ व्हायचं.

टाचण्या टोचायला सगळे आले, कोणी कुरकुर केली नाही. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. खेकडे विकणाऱ्या नांगीमावशी (खरं नाव त्यांनाही आठवत नसेल, खेकड्याने धरलेला अंगठा त्या अजून सगळ्यांना दाखवतात) पहिल्या आल्या आणि त्यांनी गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीच्या मागे लाल टाचणी खुपसली. मधवाला आला, त्याने भट्टीमागे पिवळी टोचली. शेवाळवाल्या दोघी बहिणी आल्या, त्यांनीही तिथेच. मग आमचे शाळेतले गुरुजी, जे निवृत्तीनंतर अळंबी गोळा करतात आणि ज्यांनी मला तिसरीत नेहमी खरे बोलावे हे फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावलं होतं, त्यांनी चष्मा पुसला, नकाशाचं प्रमाण वाचलं, बोटांनी अंतर मोजलं, आणि अत्यंत काळजीपूर्वक हिरवी टाचणी भट्टीच्या बरोब्बर मागे लावली. शेवटी कालवांच्या गाळ्याचे बाबा आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. निळी टाचणी लावायला तिथे जागाच उरली नव्हती, तर त्यांनी अंगठ्याने बाकीच्या जरा सरकवल्या आणि आपली बसवली. संध्याकाळपर्यंत एवढा मोठा नकाशा सगळा कोरा आणि त्या एका ठिकाणी साळिंदर बसल्यासारखं दिसत होतं.

आता तू म्हणशील, अगं वेडे, समुद्र एकीकडे, भट्टी भलतीकडे, मध्ये अख्खी टेकडी, तुला कळलं नाही? नाही कळलं. एक तर मी लहानपणापासून हेच ऐकत आले. बाबा, कालवं कुठून आणली? भट्टीमागून. भट्टीमागे साप आहेत, तिथे जायचं नाही. मी कधीच गेले नाही आणि कधीच शंका घेतली नाही. दुसरं म्हणजे शिकलेल्या माणसाचा एक दोष असतो, समोर आलेली गोष्ट खोटी असेल असं वाटण्याआधी त्याला ती अद्भुत वाटते. मी रात्र जागून एक टिपण लिहिलं. भट्टीमागे जमिनीखालून खाऱ्या पाण्याची धार येत असावी, त्यामुळे तिथे समुद्र आणि रान एकाच जागी नांदत असावेत, असा तर्क मांडला. साहेबांनी टिपण वाचलं, खुर्चीतून उठले, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मेळ्याच्या पहिल्याच दिवशी पाहुण्यांची तिथे पायी सहल जाहीर केली. मार्गदर्शक मीच.

आणि आत्या, कोणीही मला थांबवलं नाही! उलट सगळे निरोप द्यायला आले. नांगीमावशींनी टोपली दिली, "ने बाई, मोठीच ने." आईने फक्त एवढंच म्हटलं की पाण्याची बाटली बरोबर घे, तिथे काही मिळत नाही. मला वाटलं, ती दुकानांबद्दल बोलतेय.

पाहुण्यांत वर्तमानपत्रात खाण्यावर लिहिणारे एक गृहस्थ होते. त्यांना आपण खवय्ये म्हणू, कारण ते स्वतःला तसंच म्हणवतात. त्यांनी खास गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले होते. बाकीच्यांकडे टोपल्या, जाळ्या, एका बाईंकडे तर खेकडा धरायचा चिमटा. टळटळीत उन्हातून आम्ही भट्टीमागे पोचलो. तिथे काय होतं सांगू? अर्ध्या विटांचा ढीग. एक मोटारीची सीट, स्प्रिंग बाहेर आलेली. एक बांधलेली शेळी, जिने आमच्याकडे पाहून चघळणं थांबवलं. पाण्याचा टिपूस नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, जरा शोधावं लागेल. माणसंही किती भली असतात, सगळ्यांनी खरंच शोधलं. चिमटेवाल्या बाई एकेक वीट उचलून खाली बघत होत्या. मी खुरपं घेऊन खणत होते, आणि मला खरंच एक कालवाचा शिंपला सापडला! मी आनंदाने ओरडले. खवय्ये धावत आले, त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला, आणि त्यातून राख पडली. कोणीतरी त्यात विडी विझवत असे. "हंगाम संपला वाटतं," खवय्ये म्हणाले. त्यांच्या बुटांतून करकर आवाज येत होता. परतीच्या वाटेवरही तोच करकर आवाज.

मेळ्यात परतले तर सगळे गाळेवाले एकदम आपापल्या कढयांमध्ये बघायला लागले. मी गुरुजींना गाठलं. मला राग आला होता, पण त्याहून जास्त उत्सुकता. ते ओशाळले, पण थोडेसेच. म्हणाले, "बाळ, कोणी जागा विचारली तर गप्प बसणं वाईट दिसतं. म्हणून भट्टीमागे म्हणायचं. विचारणाऱ्यानेही बरं बरं म्हणायचं. तिथे जायचं थोडंच असतं!" मग मला चैन पडेना. हे सुरू कुणी केलं? नांगीमावशींना त्यांच्या सासूने शिकवलं, सासूला तिच्या आईने. पण भट्टी तर त्या मानाने अलीकडची आहे. मग भट्टी बांधायच्या आधी लोक काय सांगत होते? गुरुजी बराच विचार करून म्हणाले, "तेव्हा, जिथे भट्टी होणार आहे तिथे, असं सांगत असतील." आत्या, मला खात्री आहे की हा विषय विद्यापीठात शिकवायला हवा.

पण खवय्यांनी तो वर्तमानपत्रात शिकवला. 'जिथे खेकडे विटांखाली राहतात' असं मथळ्यात आलं. साहेबांनी मला बोलावलं. रागावले असते तर बरं झालं असतं, ते दुखावले होते. म्हणाले, मला आता खऱ्या जागा हव्यात, सगळ्यांच्या. पुढच्या वर्षी पुस्तिका काढू, खऱ्या नकाशासकट, खऱ्या सहली नेऊ. आणि सुरुवात तुमच्या घरापासून करा. तुमच्या वडिलांनी कालवांची जागा दाखवली की बाकीचे आपोआप दाखवतील. ती जागा आणा, दुसऱ्या दिवशी तुम्हाला कायम केल्याचं पत्र काढतो. (आत्या, कायम! आईने त्या बातमीसाठी शेजारणींची यादीसुद्धा मनात करून ठेवली आहे.)

मी घरी आले. बाबा अंगणात कालवं फोडायची सुरी घासत बसले होते. मी विचारलं, बाबा, खरी जागा कुठली?

"कोण विचारतंय?"

"मी."

"मी म्हणजे कोण? इथे जेवायला बसते ती, की तिथे खुर्चीत बसते ती?"

 स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "दोघींनाही वाढायचं मलाच आहे, आधी जेवून घ्या."

जेवताना बाबा एवढंच म्हणाले की दीपगृहाखालच्या खडकांचं काय झालं ते बघून ये. ते खडक मी लहानपणी पाहिले होते. तिथे शिंपल्यांची नुसती चादर असायची. मग कुठल्याशा मासिकात फोटो आला, गाड्या भरून माणसं आली, आणि आता तिथे खडक आहेत, फक्त खडक. कोणी वाईट नव्हतं गं, प्रत्येकाने टोपलीभरच नेलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझा नकाशा म्हणजे तेच मासिक आहे, जरा जास्त कृतज्ञ, इतकंच. पण मग माझं तत्त्व? खाणाऱ्याला कळायला नको का? कळायला हवं असं मला अजूनही वाटतं. पण किती कळायला हवं आणि कुणाला, हे मला कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं. त्यानंतर बाबा माझ्याशी बोलेनात. सकाळी कालवांची टोपली घेऊन यायचे, पाय ओले, बोटांवर ओरखडे, आणि मी दाराशी दिसले की टोपलीवर ओलं फडकं ओढायचे. त्या फडक्याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं वर्तमानपत्राचंही वाटलं नाही.

असो. मेळा मात्र जोरात चालला. खवय्यांच्या लेखामुळे दुप्पट गर्दी झाली. लोक येऊन विटांखालचा खेकडा मागतात आणि नांगीमावशी अजिबात न हसता देतात. तुला हे सगळं प्रत्यक्ष पाहायला मिळायला हवं होतं. आतोबांना नमस्कार, तुझ्याकडच्या लहानग्यांना पापा, आणि गुडघ्यांना जप.

तुझी लाडकी,
भाची

ता. क. आईने तुझ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरला एक बाही झाली आहे. ती विचारते, दुसरी लगेच हवी आहे का?

ता. क. २. आता खरं काय ते लिहिते. काल बाबा शेवटी बोलले. भिंतीकडे बघत बोलले, पण बोलले. म्हणाले, मी तुला ती जागा दाखवू शकत नाही, कारण ती माझी नाहीच. ती तुझ्या आत्याने शोधली. लग्न होऊन जाताना तिने मला सांभाळायला दिली. जागा ज्याची, त्यानेच पुढे द्यायची असते. सांभाळणाऱ्याने काढून खायचं, द्यायचं नाही. (आई हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी नणंदेची कालवं तुमचं कर्तृत्व म्हणून वाढतेय?" बाबा म्हणाले, "काढायचो तर मीच ना." मग दोघांचं बराच वेळ चाललं.) बाबांना स्वतःहून तुला लिहायचा संकोच वाटतो, इतक्या वर्षांत कालवांच्या बाबतीत त्यांनी तुझं नाव कधी घेतलं नाही म्हणून. तर आत्या, मी विचारते. तू तिथे एकटी कशी गेलीस? किती वर्षांची होतीस? पाय कुठे ठेवायचा हे तुला कुणी सांगितलं? आणि ती जागा तू मला देशील का?

ता. क. ३. तुला वाटेल, ही नोकरीसाठी विचारतेय. म्हणून सांगून ठेवते, उत्तर पालिकेच्या पत्त्यावर पाठवू नकोस, घरीच पाठव. आज सकाळी मी साहेबांना लिहून दिलं की आमच्या कालवांची जागा मला माहीत नाही, आणि कळली तरी मी ती सांगणार नाही. त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग मी तुम्हाला कायम कशावर करू?" मी म्हटलं, त्याचं उत्तरही मला येत नाही. मग मेळ्याच्या प्रवेशद्वाराशी जाऊन नकाशा काढला, टाचण्या डबीत भरल्या, परत येऊन टेबलाची किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि घरी आले.