पंधरा इंची चाकांबाबत माझा खरा जबाब

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा गाडीदुरुस्ती, साऱ्या वस्तीत गॅरेजवाली ताई म्हणून ओळखली जाणारी, आज पूर्ण शुद्धीवर असून स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. मोतीबिंदू डोळ्यांत आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. ते कोणाला जमले असते, तर हा कागद एकोणीस वर्षांपूर्वीच लिहून झाला असता.

माझ्यामागे दोनच माणसे: धाकटा भाऊ आणि त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची. मी लग्न केले नाही. वडिलांचे गॅरेज हाती आले आणि त्यातून मान वर काढायला सवड झाली नाही.

कलम १. गॅरेज, त्यातली सगळी हत्यारे, कॉम्प्रेसर आणि वडिलांचे लाकडी कपाट भाचीला. आठ वर्षे ती माझ्या बरोबरीने राबते आहे आणि कार्ब्युरेटर माझ्यापेक्षा बरा जुळवते. हे तिला तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहिले. नट किती ताकदीने आवळला हे दाखवणारा टॉर्क पाना मात्र शेजारच्या वेल्डरला कधीही उसना देऊ नये. त्याने एकदा त्याचा हातोडा केला होता. माणूस सज्जन आहे, या कागदावर त्याची सही चालेल, पाना चालणार नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते भाचीचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

कलम ३. गॅरेजमागच्या दोन खोल्या आणि मोरी धाकट्या भावाला. त्याला द्यायचे याहून बरेच आहे, ते कलम ५ मध्ये.

कलम ४. मला पंधरा इंची रिम विकणाऱ्या दुकानदाराला मी वर्षानुवर्षे शिव्या घातल्या. "डोळे झाकून बसवा, ताई," असे तो म्हणाला होता हे खरे. पण झाकले ते मी. तो आता हयात नाही. सगळ्या शिव्या परत घेते.

कलम ५. शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली निळी गाडी. ही वडिलांनी घेतली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिची मूळची चाके तेरा इंची. एकोणीस वर्षांपूर्वी मला हौस आली की गाडी जरा रुबाबदार दिसावी, म्हणून मी पंधरा इंची, रुंद चाके बसवली. हौस माझी, भावाची नव्हे. तो प्रवासी बसवर ड्रायव्हर होता, त्याला चालणारी गाडी मिळाली की पुरे. मी गाडी जॅकवर चढवली, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवले, टायर आणि ब्रेकची रबरी नळी यांत बोटभर अंतर आहे हे पाहिले आणि शीळ घालत नट आवळले. चूक तिथेच झाली. चाक हवेत लोंबत असते तेव्हा ती नळी ताणलेली असते. गाडी जमिनीवर टेकली, आत माणसे बसली, की नळी सैल पडून टायरकडे फुगते. मी मापलेले अंतर जॅकवरच्या रिकाम्या गाडीचे होते.

तीन आठवड्यांनी भाऊ आईला घेऊन डोंगराच्या उताराने निघाला. प्रत्येक तीव्र वळणाला टायर नळीवर घासत होता. शेवटी नळी फुटली. या गाडीत चारही ब्रेकना तेल एकाच वाटेने जाते, त्यामुळे सगळेच ब्रेक एकदम गेले. भावाने गाडी डोंगराच्या अंगाला घातली म्हणून दोघे वाचली. आईचे मनगट मोडले आणि त्याचा उजवा पाय.

तो दवाखान्यात सांगत होता, "ताई, पेडल पार खाली गेलं गं, ब्रेक लागलाच नाही." आई सांगत होती, "अगं, सावकाशच चालवत होता तो." मी आईला म्हटले, "आई, तुला डुलकी लागली होती." आणि त्याच्या बस कंपनीच्या चौकशीत लेखी जबाब दिला की ब्रेक मी स्वतः तपासले होते, गाडीत दोष नव्हता, गाडी वेगात असावी. गॅरेजवाल्या सख्ख्या बहिणीच्या शब्दावर कोण शंका घेणार? त्याची नोकरी गेली. तो वह्यापेनांच्या दुकानात काउंटरवर बसू लागला. त्यानंतर त्याने कुठल्याच स्टेअरिंगला हात लावला नाही.

जबाब देताना तो मला खरा वाटत होता, हे शपथेवर सांगते. पण दोन महिन्यांनी चेपलेली गाडी उघडली आणि नळीवर टायरने घासून पाडलेला चट्टा दिसला. मी ती नळी फेकून दिली, नवी घातली, जुनी तेरा इंची चाके परत चढवली आणि तोंडाला कुलूप लावले. आधी झाली ती चूक होती. हे पाप होते, आणि ते मी रोज गॅरेज उघडताना नव्याने केले. आई गेली तेव्हाही तिला मी काही सांगितले नाही. त्याची मला फार लाज वाटते.

तो जबाब मी या कागदाने मागे घेते. भाऊ सावकाश चालवत होता. दोष गाडीत होता आणि तो मी बसवला होता.

कलम ६. निळी गाडी भाचीला. तेरा इंची टायर आता मिळत नाहीत, मिळतात ते गोदामात पडून वाळलेले. म्हणून भाची दरवर्षी पंधरा इंची चाकांचा विषय काढते आणि मी खेकसते. "आत्या, कारण तरी सांग!" "मी सांगतेय, हेच कारण." कारण आता तिला कळले. तिने चाके खुशाल मोठी करावीत. रिम मोठी घेतली की टायरची उंची तेवढी कमी घ्यायची, म्हणजे चाक एकंदरीत जुन्याएवढेच राहते आणि वेगाचा काटा खोटे बोलत नाही. रिम जुन्यापेक्षा आत सरकता कामा नये. रिमच्या मागे चकत्यांची चळत लावायची नाही, मडगार्ड कापायचे नाही आणि नट त्याच रिमसाठी बनवलेले हवेत. टायर किती वजन पेलतो तो आकडा वाचायचा. ब्रेकची नळी नवी घालून क्लिपने आत धरायची. मग मडगार्डच्या आत आणि नळीवर ओल्या मातीचे गोळे चिकटवायचे, गाडीत चार धडधाकट माणसे बसवायची, डिकीत सामान भरायचे आणि खड्ड्याखळग्यांतून, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवत, पायी चालण्याच्या वेगाने न्यायची. एक जरी गोळा चेपला तरी ती चाके परत. ऐंशी किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे. आळस करायचा नाही.

कलम ७. हे कलम नंतर घातले आहे. वकीलबाईंनी इथवरचा मसुदा वाचला आणि चष्मा काढला. "ताई, हे तुमच्यामागे वाचायचं?"

"हो."

"म्हणजे तुम्ही सुटणार, आणि त्यांना तुमच्याशी भांडताही येणार नाही."

मी तावातावाने उठले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. मला भीती वाटत होती. भावाला फोन लावला. आज दुपारी तो आला, भाचीही त्याच्यामागे दाराशी उभी राहिली. त्याने कलम ५ तीनदा वाचले.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं की माझाच पाय भलत्या पेडलवर पडला. सगळ्यांना तसंच सांगत आलो मी."

मी रडले, हे नोंदवून ठेवते. मी माफी मागितली. तो म्हणाला, "आज नाही जमायचं. बघू." पाणीही घेतले नाही. मग वकीलबाईंना विचारले, "याच्यावर साक्षीदार कोण?"

बाई म्हणाल्या, "शेजारचे वेल्डर आणि आणखी एक हवाय. तुम्ही नको. वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये."

"मग वाटा काढा. खोल्या नकोत मला. हे खरं लिहिलंय, त्याच्याखाली माझी सही पाहिजे."

मी पुष्कळ समजावले. हट्टीपणा आमच्या घरात सगळ्यांना सारखा वाटून मिळाला आहे. सबब कलम ३ रद्द; दोन खोल्या आणि मोरी भाचीला. भाचीने डोळे पुसले आणि विचारले, "आत्या, चाकं तुझ्या डोळ्यांदेखतच बसवू या ना?" मी काही बोलण्याआधी तिचे वडील म्हणाले, "बसव. माणसं भरून बघशील तेव्हा मला सांग."

वरील सर्व मजकूर मी वाचला, मोठ्याने वाचून घेतला आणि तो माझाच आहे. याआधी मी कुठेही, कोणापुढेही दिलेला वेगळा जबाब धरू नये. साक्षीदारांनी आपापला धंदा स्वतःच्या हाताने लिहावा, असे वकीलबाई सांगतात.

ठिकाण: गॅरेजमागची खोली
तारीख: अकरा, सोमवार

सही: गॅरेजवाली ताई

साक्षीदार पहिला: शेजारी. धंदा: वेल्डिंग.

साक्षीदार दुसरा: सही करणारीचा धाकटा भाऊ. धंदा: ड्रायव्हर.