पंचाची सही

मयूर विहार, दिल्ली
१४ ऑगस्ट १९९४

प्रिय देविका,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. कुणाचं उत्तर मी इतकं रखडवत नाही. झडतीला येणाऱ्या पोलिसांनी आधी दार वाजवावं, कोण नि कशासाठी आलो ते सांगावं, न सांगता घुसायला बंदी हवी, हा तुझा कोर्टातला अर्ज नेटका आहे. कायद्याचं पुस्तक मी दरियागंजच्या फुटपाथवरून आणून स्वतःच वाचलंय. दहावी नापास माणूस, पण सोसायटीचा एकही कागद वकिलाला दाखवावा लागला नाही. तुझे बाबा चिडवायचे, "शांताराम, यम आला तरी तू आधी त्याचं वॉरंट वाचशील."

सोळा मेच्या दुपारी इन्स्पेक्टर मला पंच म्हणून तुमच्या घरी घेऊन गेला. झडतीला आसपासचे प्रतिष्ठित साक्षीदार लागतात. 'प्रतिष्ठित' म्हटल्यावर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. हवे होते तुमच्या भाडेकरूचे कागद. तो मार्चमध्येच गेला, हे मी जिन्यातच सांगितलं. "देख लेते हैं," तो म्हणाला.

पंचनामा तू वाचलाच आहेस: दार ठोठावलं, ओळख सांगितली, ते ऐकून तुझे बाबा, आपला उल्हास, मागच्या बाल्कनीतून पळायला गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून पडून दगावला. सोसायटीत अजून कुजबुज चालते, काही केलं नसेल तर पोलिसांचं नाव ऐकून कोण पळतो? कुणी भेटू नये म्हणून तुझी आई उजाडताच दूध घेऊन येते.

तो पंचनामा मी बारकाईने तपासला. वेळ दोन वीसची दोन बावीस केली. तुझ्या आजोबांचं नाव चुकलं होतं, तेही सुधारलं. "आप तो बिल्कुल वकील हैं, अंकलजी," इन्स्पेक्टर म्हणाला. मी खूश झालो आणि सही केली.

देविका, दार कुणी वाजवलंच नाही. साध्या कपड्यांतले चौघं, पहिल्याच धक्क्यात कडी निखळली. उल्हास झोपेतून उठून बाल्कनीत धावला. त्या महिन्यात आपल्याकडे भरदुपारी दोन दरोडे पडले होते. तो कठड्यावरून खाली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वाकून ओरडला, "शांताराम, पोलिसांना बोलाव." मी त्याच्याच दारात उभा होतो. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याचा तोल गेला.

हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून, नोटरीसमोर सही करून सोबत जोडलंय. अर्जाला लाव. कोर्टात बोलावलं तर येईन. खोट्या सहीला काय शिक्षा आहे, ते कलम मी पाहिलंय. आईला मात्र तूच सांग. मी खालच्याच मजल्यावर राहतो, पण तीन महिन्यांत तेवढा जिना चढणं मला जमलेलं नाही.

तुझाच,
शांतारामकाका