हिरव्या गोळ्याचं बारसं

प्रिय तिबो,

तुझ्या लेखाचा खर्डा मिळाला. सोबत तू लिहिलंयस, नावाच्या जागी बघ, तुझ्यासाठी भेट आहे. बघितली. आभार मानायला हे पत्र नाही. सकाळपासून मी इतकी चिडलेय की आईने माझ्या हातातली सुरी काढून घेतली. म्हणाली, "अगं, अळकुड्या सोलायच्यात, त्यांचा खून करायचा नाहीये."

खाणीची ती उघडी पायरी आठवते? निकेलसाठी सोलून काढलेली, लालभडक, गवताचं पातं नाही. खाणीचा माणूस गावच्या सभेत म्हणाला होता, टेकडी मेलेलीच आहे, आणखी थोडा मलबा टाकला तर कुणाचं काय जातंय? आणि पावसानंतर तू तिथेच गुडघ्यावर बसून नखाने हिरवा पापुद्रा उचललास आणि पोरासारखा ओरडलास. राजधानीत, नुमेआच्या प्रयोगशाळेत, त्या चिमूटभर मातीतून तेवीस प्रकारची शेवाळं निघाली. निळसर धाग्यांची, काचेची डबी अंगावर वागवणारी, आणि ते हिरवे गोळे, जे सगळे सारखेच दिसतात आणि आपलं नातं कुणाशी ते सांगत नाहीत. बावीस जणांना आपण त्यांच्या त्यांच्या घराण्यात बसवलं. एक गोळा कुठेच बसेना. तू म्हणालास, नेहमीचाच आहे, विषारी मातीत राहून वेडावाकडा झालाय. मी म्हटलं, नाही, हा पिल्लं वेगळ्या तऱ्हेने सोडतो. आठवडाभर भांडलो. जनुकं वाचली तेव्हा मी जिंकले, आणि हरल्याच्या आनंदात तू मला उचलून गरगर फिरवलंस. तेव्हा माझं तुझ्यावर प्रेम होतं. ते खोटं नव्हतं.

मग तू तुझ्या देशी, ल्योंला चल म्हणालास, मी नाही म्हणाले. त्यावर आपलं बोलून झालंय, पुन्हा उकरत नाही. पण आता त्या गोळ्याला माझं नाव? ओदील नव्हे, ते शाळेच्या हजेरीपुरतं. माझं कुळातलं नाव! तू लिहितोस, "तुझं नाव मी अमर केलं." अरे, अमर करायला ते मेलं कधी होतं? माझ्याआधी ते बाबांच्या आत्याचं होतं, तिच्याआधी वर टेकडीवर राहणाऱ्या एका बाईचं, जिने खाण पाहिलीही नाही. मी ते नुसतं वागवतेय. माझं असतं तर दिलं असतं. तुला काय दिलं नाही मी?

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा तुम्हा शास्त्रज्ञांत संकेत आहे ना? मिरवणं दिसतं म्हणून. आम्हा कनाकांत, इथल्या मूळच्या माणसांत, दुसऱ्याचं नाव न विचारता उचलायचं नाही, असा आहे. पहिल्या दिवशी तू आमच्या रीतीप्रमाणे कुळाच्या प्रमुखासमोर, थोरल्या काकांसमोर, कापड आणि तंबाखू ठेवलास, मान खाली घातलीस आणि माती मागितलीस. ते म्हणाले, "ने. काय सापडलं ते मात्र येऊन सांग." माती मागायचं कळलं तुला, नाव मागायचं कळलं नाही?

काल मी काकांना गोळ्यांची नळी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि बराच वेळ हसत बसले. "टेकडी मेली म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून बसलाय की! आपलाच आहे हा." मग नावाचं सांगितलं. हसू गेलं. "तो तुझा पाहुणा मागायला का नाही आला? वाट विसरला, की जिभेला गळू झालं?" मी म्हटलं, लाजला असेल. "मग मागायला येताना एकाऐवजी दोन कोनफळं आण म्हणावं. लाजणाऱ्याचं एकात भागत नाही."

तर ऐक. माझ्या भावाला मुलगी झालीय. नव्या कोनफळाच्या सणाला हे नाव तिला मिळणार आहे, आणि ते तिला मिळेल तेव्हा कुठल्याही छापील पानावर ते दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. एकदा छापलेलं नाव पुसता येत नाही, हा नियम तूच मला शिकवलास. दुसराही तूच शिकवलास: मूळ नमुना संग्रहालयात जमा झाल्याशिवाय नव्या जातीचं नाव धरलं जात नाही. म्हणून प्रयोगशाळेचा फ्रीज उपसत बसू नकोस. सुकवलेला नमुना आणि जिवंत नळी, दोन्ही मी घरी आणलीत. नळी आईच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, मजेत वाढतेय. चोरी म्हणायची तर खुशाल म्हण, सुरुवात तू केलीस. ये, काकांसमोर मान खाली घाल आणि गोळ्यासाठी त्याचं स्वतःचं नाव माग. ते देतील, तुझ्यापेक्षा चांगलं देतील. नाही आलास तर तो बिननावाचा राहील. आजवर तसाच हिरवा राहिलाय.

एकेकाळी तुझी, कायमची माझ्या कुळाचीच,
ओदील