टाकी ठणठणीत आहे

३ मार्च
माझ्या पेट्रोल पंपामागच्या लॉन्ड्रीवाल्या बाई सकाळी सकाळी दारात. विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय म्हणे, गिऱ्हाइकं धुतलेल्या चादरी परत करताहेत. समजावलं, पंपाशेजारी राहिलं की वास नाकातच बसतो. टाकी जमिनीखाली ठणठणीत आहे. दिसत नाही, पण मला माहीत आहे.
संकल्प : सोमवारपर्यंत ही अफवा निकालात काढणे.

५ मार्च
टाकीत दांडी टाकून माप घेतलं. हिशेबापेक्षा पन्नास लिटर कमी. काल चाळीस कमी होतं. ऊन वाढलंय. वाफ.

८ मार्च, सकाळ
विहिरीवर गल्ली जमली होती. म्हटलं, हे पाणी मी सगळ्यांसमोर पिऊन दाखवतो. ग्लास ओठांपर्यंत नेला आणि फोन वाजला. नाहीतर प्यायलोच असतो. फोन बायकोचा. ती चार पावलांवरच उभी होती.

८ मार्च, दुपार
बायकोला झापलं. आपण आपल्या बोअरचं पाणी पितोच की, काय झालं आपल्याला? ती म्हणाली, सहा महिने घरात तिच्या भावाकडचं पाणी येतंय, कॅन भरून. मलाही तेच. मला का नाही सांगितलं, विचारलं.
"सांगितलं होतं. तुम्ही 'बरं बरं' म्हणालात."
बायका उगाच घाबरतात.

१४ मार्च
सरकारी तपासनीस आला. मशीन लावून आठ ठिकाणी जमिनीला भोकं पाडली. मी शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवलं, पण त्याने वळूनही पाहिलं नाही. सहा मीटर खालची माती नळीतून काढून माझ्या नाकाशी धरली. म्हटलं, मातीचा वास आहे. डोळ्यांतून पाणी येत होतं. वारा उलटा होता.

१७ मार्च
लॉन्ड्रीवाल्या बाईंची सासू दवाखान्यात. आठवडाभर उलट्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. हे वयामुळे असणार. तरी माणुसकी म्हणून फळं घेऊन गेलो. म्हातारीने सलाईन लावलेल्या हाताने माझा हात धरला. विचारलं, पंप बरा चाललाय ना रे?
जिन्यात बसून राहिलो. रोज पन्नास लिटरची वाफ झाली असती तर पंपावर ढग दिसले असते.

१८ मार्च
तपासनीसाला स्वतः फोन केला. म्हटलं, टाकी काढा. ठणठणीत निघाली की गल्लीची माफी स्वीकारीन. मोठ्या मनाने.

२६ मार्च
पंप बंद. क्रेनने टाकी वर काढली. तळाला गंजलेलं भोक. बोट घालून पाहिलं. गेलं.
पाणी साफ व्हायला किती दिवस, विचारलं. तपासनीस म्हणाला, "दिवस नाही हो. आठ-दहा वर्षं. तेही नशीब असेल तर."
मी विचारलं, पाण्याचे जास्त पंप लावून उपसलं तर? तो नळ्या पुसत राहिला.
बायको घरी घेऊन आली.

३० मार्च
सकाळी टँकर आला. बायको म्हणाली, आज तुम्ही जा. बादली घेऊन रांगेत उभा राहिलो. लॉन्ड्रीवाल्या बाई पुढे होत्या. म्हातारी कशी आहे, विचारलं. म्हणाल्या, अजून दवाखान्यातच आहे. आणि जरा सरकून मला सावलीत घेतलं.
माझा नंबर आला तेव्हा टँकर रिकामा झाला होता.