ताट घरून आणा

रविवार, संध्याकाळ

आज कॉलनीतला भंडारा झाला आणि मागे पत्रावळ्या-द्रोणांचा ढीग उरला नाही. बरं वाटतंय, खूपच.

जेवायला येताना ताट-वाटी घरून आणा, हे मीच सुचवलं होतं. तेव्हा शेजारच्या मालूकाकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जेवायले बोलावता अन् ताट घरून आणा म्हणता? आम्ही काय मागायले येऊन राहिलो काय वं?" आठवडाभर तेच टोचत होतं. खरंच अपमान केला का मी लोकांचा?

आज माणसं आली, पिशवीतून ताटं काढून पंगतीत बसली. काकू मात्र दिसेनात. शेवटच्या पंगतीला आल्या, हातात पितळी परात! "ताटं सारी पोरं घेऊन आले. हेच उरली," म्हणाल्या. परातीत बुंदी इतकीशी दिसली, म्हणून वाढणाऱ्यानं पुन्हा वाढली. काकूच आधी हसल्या. मला किती हलकं वाटलं!

जेवणं झाल्यावर नळाशी ताटं घासायला आम्ही बायकाच. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "पुढच्या बारीले माणसाईलेबी इथं बसव."

घरी येऊन यांना हे सांगितलं, तर यांना एकदम दूध आणायचं आठवलं.